सूर्यावरील पाच मिनिटे : रिचर्ड कॅरिंग्टन यांचे आयुष्य

लंडनहून गॅटविक विमानतळाकडे जाणाऱ्या आगगाडीत या देशातील बहुतेक मराठी माणसे कधी ना कधी बसली आहेत. सामान पायाशी, एक हात पासपोर्टवर आणि मन कधीच घरी पोहोचलेले, अशा अवस्थेत रेडहिल नावाचे स्टेशन येते आणि जाते. सरे परगण्यातील या गावाबद्दल कोणाला काही सांगावेसे वाटण्याचे कारण नाही. मलाही अनेक वर्षे वाटले नव्हते. मे २०२४ मधील त्या रात्री इंग्लंडच्या दक्षिणेलाही आकाश गुलाबी आणि हिरवे झाले. मुलांना झोपेतून उठवून आम्ही मागच्या अंगणात उभे राहिलो, व्हॉट्सॲपवर छायाचित्रांचा पूर लोटला, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक बातमीत एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले : कॅरिंग्टन. १८५९ च्या ‘कॅरिंग्टन घटने’शी त्या रात्रीच्या वादळाची तुलना चालली होती. घटनेला ज्याचे नाव लागले तो माणूस रेडहिलचा होता, आणि त्याच्याविषयी मात्र कोणी दोन ओळींपलीकडे लिहीत नव्हते.

रिचर्ड ख्रिस्तोफर कॅरिंग्टन यांचा जन्म २६ मे १८२६ रोजी लंडनच्या चेल्सी भागात झाला. वडिलांची ब्रेंटफर्ड येथे मोठी ब्रुअरी होती. कुटुंब श्रीमंत होते, परंतु त्या काळच्या इंग्लंडमध्ये बिअरचा पैसा आणि जमीनदारीचा पैसा यांना समान मान नव्हता. दुसऱ्या मुलाने धर्मोपदेशक व्हावे, म्हणजे घराण्याला प्रतिष्ठा येईल, असा वडिलांचा बेत होता. त्यासाठी १८४४ मध्ये त्यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पाठवण्यात आले. तेथे प्राध्यापक चॅलिस यांची खगोलशास्त्रावरील व्याख्याने त्यांनी ऐकली आणि चर्चचा विचार मागे पडला. १८४८ मध्ये गणिताच्या ऑनर्स परीक्षेत ते छत्तिसावे आले. गुणवत्ता यादीत नाव होते, पण डोळ्यांत भरणारे नव्हते. गणिती म्हणून त्यांची कीर्ती होणार नव्हती. त्यांचा कल यंत्रांकडे, मोजमापांकडे आणि चिकाटीने करावयाच्या कामाकडे होता. वडिलांनी मुलाचा हा बदललेला मार्ग स्वीकारला, एवढेच नव्हे तर पुढे त्यासाठी पैसाही मोकळ्या हाताने दिला.

१८४९ च्या ऑक्टोबरात डरहॅम विद्यापीठाच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगाराची गरज नव्हती, अनुभव हवा होता. तो त्यांनी झपाट्याने मिळवला, आणि तेथील उपकरणे आपल्या मनातल्या कामाला पुरी पडणार नाहीत हेही तितक्याच झपाट्याने ओळखले. नवी उपकरणे घेण्यास विद्यापीठ राजी नव्हते. १८५२ च्या मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यापूर्वीची एक गोष्ट नोंदवायला हवी. २८ जुलै १८५१ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते स्वीडनमधील लिला एडेट या गावी गेले होते. चंद्राने सूर्यबिंब पूर्ण झाकले की त्याभोवती मोत्यासारखे पांढुरके तेज दिसते, तो सूर्याचा किरीट, म्हणजेच कोरोना. पुढे ज्या आविष्काराशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्याचे उगमस्थान ते हेच.

रेडहिलची टेकडी त्यांनी १८५२ च्या जूनमध्ये निवडली. तेथे स्वतःच्या खर्चाने घर आणि वेधशाळा बांधली. ‘हौशी’ या शब्दाला आज जो अर्थ आला आहे तो येथे लावता येणार नाही. सरकारी वेधशाळांनी हेवा करावा अशा शिस्तीने तेथे काम चाले. बेसेल आणि आर्गेलँडर या जर्मन खगोलविदांनी आकाशाच्या मोठ्या पट्ट्यांतील ताऱ्यांची स्थाने मोजली होती. उत्तर ध्रुवाभोवतीचा नऊ अंशांचा भाग राहिला होता. तो भरून काढण्याचे काम कॅरिंग्टन यांनी अंगावर घेतले. ३,७३५ ताऱ्यांची ही सूची १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या छपाईचा खर्च ब्रिटिश नौदलाने केला. १८५९ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले ते याच सूचीसाठी. ज्या निरीक्षणामुळे आज त्यांचे नाव घेतले जाते, ते तेव्हा अजून काही महिने दूर होते.

तारे रात्रीचे. मग दिवसा काय करायचे? या अगदी व्यवहारी प्रश्नातून सूर्य त्यांच्या आयुष्यात आला. डेसाऊ येथील औषधविक्रेता हाइनरिश श्वाबे याने वर्षानुवर्षे सूर्यावरील डाग मोजून त्यांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या चक्राने वाढते-घटते असे दाखवले होते. १८५२ मध्ये एडवर्ड सॅबाइन यांनी त्यात एक विलक्षण भर घातली : पृथ्वीवरील होकायंत्राच्या सूचीत जी अनियमित थरथर होते, तीही याच चक्राने वाढते आणि घटते. पंधरा कोटी किलोमीटरवरील डाग आणि येथील लोखंडाची सुई यांचा काय संबंध, हे कोणालाच सांगता येत नव्हते. डागांचे काटेकोर, सलग वेध कोणी घेतले नव्हते. कॅरिंग्टन यांनी ठरवले की डागांचे एक संपूर्ण चक्र, म्हणजे सुमारे अकरा वर्षे, दररोज सूर्य पाहायचा.

त्यांची पद्धत अत्यंत साधी होती. साडेचार इंची भिंगाच्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा फिकट पिवळसर रंगाचा लेप दिलेल्या काचेवर पाडायची. ती सुमारे अकरा इंच व्यासाची असे. दुर्बिणीत एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या दोन तारा तिरप्या बसवलेल्या. दुर्बीण स्थिर ठेवली की पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रतिमा आपोआप सरकते. सूर्याची कड कोणत्या क्षणी तारेला लागली, डाग कोणत्या क्षणी लागला, एवढेच घड्याळाकडे लक्ष ठेवून टिपायचे. त्या वेळांवरून डागाचे सूर्यावरील अक्षांश आणि रेखांश गणिताने काढता येतात. सूक्ष्ममापकाची गरज नाही, महागडे यंत्र नाही. गरज आहे ती रोज तेथे हजर असण्याची.

९ नोव्हेंबर १८५३ पासून हे काम सुरू झाले. साडेसात वर्षांत ९५४ डागसमूहांची ५,२९० निरीक्षणे झाली. त्यांतून जे हाती आले ते त्या शतकातील सौरविज्ञानाचा पाया ठरले. सूर्याचा अक्ष पृथ्वीच्या कक्षेच्या संदर्भात सव्वासात अंशांनी कलला आहे, हे त्यांनी निश्चित केले. चक्राच्या आरंभी डाग विषुववृत्तापासून दूर उगवतात आणि चक्र पुढे सरकते तसे ते विषुववृत्ताकडे येऊ लागतात, हेही त्यांना दिसले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विषुववृत्ताजवळचे डाग सुमारे पंचवीस दिवसांत फेरी पूर्ण करतात आणि वरच्या अक्षांशांवरच्या डागांना त्याहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ सूर्याचा पृष्ठभाग घन नाही. तो एकसंध गोळ्यासारखा फिरत नाही. आतील द्रव्य असे वेगवेगळ्या गतीने फिरत असल्यामुळेच सूर्याचे चुंबकीय क्षेत्र ताणले जाते, पिळले जाते आणि शेवटी तुटून पुन्हा जुळते, हे विसाव्या शतकात कळले. म्हणजे त्या सप्टेंबरच्या स्फोटाचे मूळ कारणही रेडहिलच्या वह्यांत, आकड्यांच्या रूपात, आधीच जमा होत होते.

१८५८ च्या जुलैत वडील वारले आणि ब्रुअरीचा कारभार अंगावर पडला. येथून त्यांच्या आयुष्याचा तोल ढळू लागला असे मला वाटते. सोसायटीचे मानद सचिवपद, ताऱ्यांचे आणि सूर्याचे काम, आणि आता ब्रेंटफर्डचे हिशेब. रोजचे वेध पूर्वीसारखे स्वतः घेणे अवघड होऊ लागले.

१ सप्टेंबर १८५९, गुरुवार. आकाश निरभ्र होते आणि कॅरिंग्टन स्वतः दुर्बिणीपाशी होते. सूर्याच्या उत्तर गोलार्धात एक प्रचंड डागसमूह होता. त्याचे चित्र काढून झाले होते. ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे ११ वाजून १८ मिनिटांनी त्या समूहावर डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या प्रकाशाचे दोन ठिपके उमटले. त्यांचा पहिला तर्क असा की भिंगापुढच्या पडद्याला कोठेतरी भोक पडले असून त्यातून सूर्याचा सरळ किरण आत येतो आहे. त्यांनी दुर्बीण किंचित हलवली. बाहेरचा किरण असता तर ठिपके जागेवर राहून सूर्याची प्रतिमा सरकली असती. ठिपके प्रतिमेबरोबर सरकले. ते सूर्यावरच होते.

त्यांनी वेळ टिपली आणि साक्षीदार म्हणून कोणाला तरी बोलावण्यासाठी ते धावले. एकट्याने पाहिलेल्या गोष्टीवर शास्त्रज्ञांच्या सभेत विश्वास बसणार नाही, हे त्यांना त्या घाईतही उमगले होते. साठ सेकंदांच्या आत ते परतले, तेवढ्यात प्रकाश मंदावला होता. ११ वाजून २३ मिनिटांनी तो पूर्ण नाहीसा झाला. या पाच मिनिटांत ठिपके सूर्यावर सुमारे ५६,००० किलोमीटर सरकले होते. त्यानंतर बराच वेळ ते काचेकडे पाहत बसले, पण पुन्हा काही घडले नाही. मग त्यांनी आधी काढलेले चित्र प्रतिमेशी ताडून पाहिले. डागांत काडीइतकाही बदल नव्हता. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष नेमका होता : जे घडले ते डागांच्या पातळीवर नव्हे, त्यांच्या बऱ्याच वर घडले.

नशिबाने साक्षीदार होता, फक्त तो त्यांच्या घरात नव्हता. लंडनच्या हायगेट भागात रिचर्ड हॉजसन नावाचे दुसरे निरीक्षक त्याच वेळी सूर्य पाहत होते आणि त्यांनाही तेच दिसले. ११ नोव्हेंबरच्या सोसायटीच्या सभेत दोघांचीही निवेदने वाचली गेली. मानवाने सौरज्वाला पाहिल्याची ही पहिली नोंद.

सभेपूर्वी कॅरिंग्टन क्यू येथील वेधशाळेत जाऊन आले होते. तेथे चुंबकसूचीची हालचाल छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप उमटवणारी यंत्रे होती. त्या कागदावर प्रकाशाच्या नेमक्या त्याच वेळी एक छोटासा झटका होता. आणि साडेसतरा तासांनंतर, २ सप्टेंबरच्या पहाटे, रेषा कागदाबाहेर गेली होती. ध्रुवीय प्रकाश क्युबापर्यंत दिसला. रॉकी पर्वतातील खाणकामगार पहाट झाली असे समजून उठले आणि न्याहारीच्या तयारीला लागले. बोस्टन आणि पोर्टलंड यांच्यामधील तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि केवळ तारांत आपोआप आलेल्या विजेवर सुमारे दोन तास संदेश पाठवले.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. कॅरिंग्टन जन्मले त्याच वर्षी, १८२६ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाबा वेधशाळा स्थापन केली होती. १८४१ पासून तेथे चुंबकीय मोजमापे चालत. स्वयंचलित यंत्र नव्हते. माणूस सूचीकडे पाहून आकडा लिहून घेई, आणि सूची बिथरली की नोंदी अधिक वेळा घ्यायच्या अशी शिस्त होती. २ सप्टेंबरच्या सकाळी कुलाब्याच्या नोंदवहीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. युरोपातील यंत्रे कागदाबाहेर गेली होती, येथे मात्र माणसे आकडे लिहीत राहिली. त्या वादळाचे विषुववृत्ताजवळचे एवढे तपशीलवार मोजमाप दुसरे नाही. या वह्या पुढे भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आल्या. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि या संस्थेचे गुरबक्ष लाखिना व शोभना ॲलेक्स यांनी त्या नोंदींवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा १८५९ च्या वादळाची तीव्रता प्रथमच आकड्यांत मांडता आली. तो आकडा जगभराच्या सरासरीला कितपत लागू करावा यावर नंतर वाद झाले आणि इतरांनी त्याहून बरेच कमी अंदाज दिले. परंतु वाद घालायलाही कुलाब्याचीच वही उघडावी लागते. १९८९ मध्ये ज्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील साठ लाख लोकांना सुमारे नऊ तास अंधारात ठेवले, त्यात याच प्रकारच्या निर्देशांकाची घसरण ५८९ नॅनोटेस्ला होती.

सूर्यावर नेमके काय झाले होते? आज ते असे सांगता येते. डागसमूहावरील चुंबकीय रेषा पिळवटल्या जाऊन त्यांत प्रचंड ऊर्जा साठते. त्या अचानक तुटून नव्याने जोडल्या जातात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिली म्हणजे ज्वाला. तिचा प्रकाश आणि क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर येतात; क्यूच्या कागदावरील छोटा झटका हा त्या किरणांनी वरच्या वातावरणात उठवलेल्या विद्युतप्रवाहाचा. दुसरी म्हणजे कोरोनल मास इजेक्शन : किरीटातील अब्जावधी टन तप्त, विद्युतभारित वायू आपल्या चुंबकीय क्षेत्रासह अवकाशात फेकला जातो. हा ढग प्रकाशाच्या मानाने फार हळू येतो. त्याला सहसा एक ते चार दिवस लागतात. १८५९ चा ढग साडेसतरा तासांत आला, म्हणजे सरासरी सेकंदाला २,३०० किलोमीटरहून अधिक वेगाने. चार दिवस आधी, २८ ऑगस्टलाही एक मोठे वादळ येऊन गेले होते. त्या आधीच्या ढगाने वाट मोकळी केली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. ढगातील चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि दार उघडते. उत्तरेकडे असेल तर बराचसा मारा बाहेरच राहतो. ज्वाला आणि ढग अनेकदा बरोबर येतात, पण एकाशिवाय दुसराही होऊ शकतो. कॅरिंग्टन यांनी पाहिली ती ज्वाला. वादळ आणले ते ढगाने, आणि ढग त्यांना दिसणे शक्यच नव्हते. किरीट सूर्यबिंबाच्या मानाने इतका मंद असतो की ग्रहणाशिवाय किंवा कृत्रिम ग्रहण घडवणाऱ्या उपकरणाशिवाय तो दिसत नाही. असा ढग अवकाशातील उपकरणाने प्रथम टिपला तो १९७१ च्या डिसेंबरात, अमेरिकेच्या ओएसओ-७ या उपग्रहाने.

म्हणूनच त्या नोव्हेंबरच्या सभेतील त्यांच्या वागण्याकडे मी आदराने पाहतो. क्यूची रेषा त्यांनी सभेला दाखवली, योगायोग लक्षणीय आहे हे सांगितले आणि त्यापुढे जायचे नाकारले. एका चिमणीवरून उन्हाळा आला असे मानू नये, या अर्थाची इंग्रजी म्हण वापरून त्यांनी घाईच्या निष्कर्षापासून स्वतःला आणि श्रोत्यांना आवरले. तेहतीस वर्षांचा माणूस, हाती शतकातील सर्वांत मोठा शोध, आणि तो म्हणतो की एका उदाहरणावरून सिद्ध होत नाही. काही लेखक याला भित्रेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. सहा वर्षे रोज पाहूनही जे एकदाच दिसले, त्यावर त्यांनी तेवढेच वजन टाकले जेवढे ते पेलू शकत होते. १८९२ मध्ये लॉर्ड केल्विन यांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून सूर्य आणि चुंबकीय वादळे यांचा संबंध असणे गणिताने अशक्य ठरवले होते, हे लक्षात घेतले म्हणजे कोण अधिक सावध आणि कोण अधिक घाईचा हे दिसते. केल्विन यांचे गणित बरोबर होते. सूर्य सर्व दिशांना सारखाच प्रभाव टाकतो हे त्यांचे गृहीतक चुकले होते. १९०४ मध्ये ग्रीनिचच्या एडवर्ड वॉल्टर माँडर यांनी दाखवले की वादळे सत्तावीस दिवसांनी परत येण्याची प्रवृत्ती दाखवतात, म्हणजे सूर्याच्या फिरण्याबरोबर. कॅरिंग्टन यांनी मोजलेल्या फिरण्याबरोबर.

यापुढची कहाणी उताराची आहे आणि ती सांगताना हात जड होतो. १८६० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पण त्यांना हवी होती ती वेधशाळेची जागा, जेथे ब्रुअरी मागे टाकून पूर्णवेळ काम करता येईल. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेची जागा रिकामी झाली; ती रॉबर्ट मेन यांना मिळाली. १८६१ मध्ये केंब्रिजच्या वेधशाळेची जागा रिकामी झाली. ती नेपच्यूनच्या गणिताने प्रसिद्ध झालेल्या जॉन कूच ॲडम्स यांना मिळाली. ॲडम्स थोर गणिती होते, यात वाद नाही. पण दुर्बिणीच्या टोकाशी बसून वर्षानुवर्षे वेध घेण्याची तपश्चर्या कोणाची होती, हेही उघड होते. परदेशात राहून नोकरीसाठी अर्ज केलेल्या आपल्यापैकी कित्येकांना हा अनुभव नवा नाही : काम तुमचे, खुर्ची दुसऱ्याची. कॅरिंग्टन यांचा स्वभाव मिळमिळीत नव्हता आणि नकार त्यांना पचला नाही. २४ मार्च १८६१ रोजी सूर्याचे वेध थांबले. अकरा वर्षांचा संकल्प अपुरा राहिला. रेडहिलचे घर आणि वेधशाळा विकली गेली. वेधांचा ग्रंथ १८६३ मध्ये रॉयल सोसायटीच्या मदतीने बाहेर आला.

१८६५ मध्ये मोठे आजारपण आले. त्यानंतर त्यांनी ब्रुअरी विकली आणि सरेमधील चर्ट गावी, डेव्हिल्स जम्प्स नावाच्या तीन टेकड्यांपैकी मधल्या टेकडीवर, घर आणि नवी वेधशाळा बांधली. तेथून विशेष असे काही प्रसिद्ध झाले नाही.

१८६९ मध्ये त्यांनी रोझा नावाच्या तरुणीशी विवाह केला. वयाने ती बरीच लहान होती आणि त्यांच्या सामाजिक वर्तुळातील नव्हती. विल्यम रॉडवे नावाचा माजी घोडेस्वार सैनिक आपला भाऊ आहे असे तिने सांगितले होते. तो भाऊ नव्हता. लग्नापूर्वी दोघे पतिपत्नीसारखे राहत होते. १८७१ मध्ये रॉडवेने चर्टच्या घरी येऊन रोझावर चाकूने वार केले. ती वाचली. खटला उभा राहिला, रॉडवेला वीस वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि साक्षीपुराव्यांत कॅरिंग्टन दांपत्याचे खासगी जीवन वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचले. याच पेशातला असल्यामुळे सांगतो, व्हिक्टोरियन वृत्तपत्रांनी त्या प्रकरणात जो रस घेतला तो आजच्या कोणत्याही संकेतस्थळाला लाजवील असा होता. सूर्याच्या अक्षाचा कल ज्याने मोजला त्या माणसाची ओळख आता फसवला गेलेला नवरा अशी झाली.

रोझाची प्रकृती त्यानंतर सुधारली नाही. तिला झटके येत आणि झोपेसाठी क्लोरल नावाचे औषध दिले जाई. १७ नोव्हेंबर १८७५ च्या सकाळी ती अंथरुणात मृत आढळली. क्लोरलची मात्रा जास्त झाली असावी असा समज झाला. मृत्यूची चौकशी झाली तेव्हा पत्नीची पुरेशी काळजी घेतली नाही म्हणून कॅरिंग्टन यांच्यावर ठपका ठेवण्यात आला. गुन्हा नोंदवला गेला नाही, पण भरल्या सभेत तो शब्द उच्चारला गेला.

चौकशीच्या दिवशीच ते घर सोडून गेले. आठवड्याने परतले तेव्हा नोकर निघून गेले होते. २७ नोव्हेंबरला त्यांना घरात शिरताना कोणीतरी पाहिले. त्यानंतर काही दिवस हालचाल दिसेना, तेव्हा शेजाऱ्याने लोकांना सावध केले आणि दारे फोडण्यात आली. घराच्या एका टोकाच्या, आतून बंद खोलीत गादीवर त्यांचे प्रेत होते. डाव्या कानावर चहाच्या पानांचे पोटीस बांधलेले होते, बहुधा वेदना कमी व्हाव्यात म्हणून. आत्महत्येची कुजबुज तेव्हाही होती आणि अजूनही काही पुस्तकांत ती सापडते. शवविच्छेदनात मेंदूत रक्तस्राव झाल्याचे दिसले आणि नैसर्गिक कारणाने आकस्मिक मृत्यू असा निर्णय देण्यात आला. मला तो निर्णय मान्य आहे. कान दुखतो म्हणून पोटीस बांधणारा माणूस सकाळी बरे वाटावे अशी आशा करत असतो. ते एकोणपन्नास वर्षांचे होते.

त्यांच्या मोजणीचा उपयोग मात्र थांबलेला नाही. सूर्यावरील प्रत्येक जागेचा रेखांश आजही त्यांच्या पद्धतीने सांगितला जातो. सूर्याची पृथ्वीवरून दिसणारी एक फेरी सरासरी २७.२७५३ दिवसांची धरून ९ नोव्हेंबर १८५३ पासून फेऱ्या मोजल्या जातात. आता तो आकडा २,२८० च्या पुढे गेला आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ यानावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत घडली, आणि याच यानावरील दुसरे उपकरण कृत्रिम ग्रहण घडवून किरीटातून निघणारे ढग पाहते. त्या निरीक्षणांवरही कॅरिंग्टन फेरीचा क्रमांक घातला जातो.

मृत्युपत्रात त्यांनी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला दोन हजार पौंड ठेवले होते. सूर्याच्या वेधांची हस्तलिखिते विक्रीला निघाली तेव्हा लॉर्ड लिंडसे यांनी ती विकत घेतली आणि सोसायटीला भेट दिली.